तो दिवस, आठ आकडे

११ सप्टेंबर

चि. टाचणी,

'चि.' लिहिलं आणि पुढे 'सौ.' लिहायचं की नाही यावर अर्धा तास घालवला. नाही लिहिलं. दुकानात जमिनीवरच्या टाचण्या वेचत बसायचीस म्हणून जे नाव पडलं तेवढंच लिहितो, त्याला कुणाची हरकत नसावी.

अक्षर वाकडं येतंय ते हात थरथरतो म्हणून. रागाने नव्हे. नऊ वर्षांनी बाप पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी हवं असणार, हे तू ओळखलं असशीलच. तू आईवर गेलीस, पाकीट न फोडता मजकूर सांगणारी. तर हो, हवं आहे. खालच्या सिस्टर म्हणाल्या, सरळ फोन करा. पण फोनवर माझा आवाज चढतो. तुला काय सांगायचं ते!

तुझ्या आईच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड हवा आहे. तो मांडीवर घेऊन बसायची तो, राखाडी.

ती गेली त्याला आज पाच आठवडे झाले. तू आली नाहीस. असो, त्यावर मी काही बोलणार नाही. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली, "अहो, मी गेल्यावर तो कॉम्प्युटर उघडा. तुमच्यासाठी ठेवलंय त्यात." मी म्हटलं, "मला कुठे येतंय ते?" तर म्हणाली, "पासवर्डची खूण समोरच येते. तुम्हाला जमेल." आणि हसली. दोन शब्द बोलली तरी धाप लागायची तिला, पण हसली.

घरी येऊन उघडला. पासवर्ड मागतो. काहीतरी घातलं, चुकलं, तर खाली आईने लिहून ठेवलेली खूण आली: 'तो दिवस, आठ आकडे.' बस्स, एवढीच.

आता तूच सांग, कोणता दिवस? आमच्या लग्नाची तारीख घातली. नाही. तिचा वाढदिवस, माझा वाढदिवस. नाही. दुकान उघडलं ती तारीख पाटीवरच आहे, ती घातली. तिची आई गेली तो दिवस तुझ्या मामाला विचारून घातला. तोही नाही. तुझा जन्मदिवस घातला, आधी बारा तारीख, मग तेरा. दोन्हींतली खरी कोणती ते मला विचारू नकोस. चार-पाचदा चुकलं की ते यंत्र रुसतं. आधी पाच मिनिटं थांबा म्हणतं, मग पंधरा, मग तास. एवढा भाव तर गिऱ्हाईकही खात नाही.

शेवटी दुरुस्तीवाल्याकडे नेला. चाळिशीचा सभ्य माणूस आहे. म्हणाला, "काका, आतलं सगळं त्या पासवर्डनेच बंद झालंय. पासवर्ड आणलात तर सगळं जसंच्या तसं मिळेल. नाहीतर सगळं पुसून कोरा करून देतो, नव्यासारखा वापरा. मधला मार्ग नाही." मधला मार्ग नाही हे आपल्या घरात कुणाला नवं आहे म्हणा.

तुला ठाऊक असणार. तुम्ही दोघी त्याच्यावरच बोलायचात, दर गुरुवारी. मला पत्ता नव्हता असं समजू नकोस.

आकडे कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

बाबा

ता.क. पत्ता आईच्या वहीतून घेतलाय. चुकीचा असेल तर कळव. (हे लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं.)


२२ सप्टेंबर

टाचणी,

अकरा दिवस झाले.

दुकान आता दुपारनंतर उघडतो. सकाळी दहापासून दार उघडं टाकून पुढच्या खोलीत बसतो. जिन्यात पाऊल वाजलं की उठतो. समोरचे पेन्शनर येतात, वरच्या मास्तरीणबाई येतात, टपालवाला काही तीन मजले चढत नाही. हल्ली कुणाला कष्ट नकोत. पूर्वी कसं, टपाल वेळच्या वेळी टेबलावर असायचं.

तू उत्तर दिलं नाहीस म्हणून हे लिहितोय असं नाही. मागच्या पत्रात तुला गुरुवारचा टोमणा मारला, तो मनाला लागला. तुझ्या नव्हे, माझ्या. म्हणून सांगून टाकतो.

गुरुवारी मी सोफ्यांचा फोम आणायला गोदामावर जायचो, तुला आठवत असेल. दोन वर्षांपूर्वी एकदा गोदाम बंद होतं. लवकर परतलो. दुसऱ्या मजल्यावर पोचलो तर आपल्या घरातून हसणं ऐकू आलं. तुझ्या आईचं. तिला असं खदखदून हसता येतं हे मी विसरूनच गेलो होतो. मग एक बारीक आवाज आला, "आजी, हे बघ ना, दात पडला!" आणि तुझा आवाज, "अगं, तोंड लांब धर, काही दिसत नाहीये."

मी तिथेच पायरीवर बसलो. वीस-एक मिनिटं बसलो असेन. बोलणं संपलं तशी चार पायऱ्या खाली उतरलो आणि मुद्दाम पाय आपटत वर गेलो. आईने दार उघडलं तेव्हा डोळे पुसत होती. "कांदा चिरत होते," म्हणाली. मी म्हटलं, "बरं."

त्यानंतर दर गुरुवारी मी लवकर येत होतो. दर गुरुवारी त्याच पायरीवर. पेन्शनर विचारायचे, "काय, दम लागला का?" मी म्हणायचो, "वय झालं." दार ढकलून आत जायला मला कुणी अडवलं होतं? कुणी नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते लोकांबद्दल असतं असं मला वाटायचं.

त्याच सुमारास आई म्हणाली, "अहो, या कॉम्प्युटरला एक खोळ शिवून द्याल का? धूळ बसते." मी शिवली. आतून फोम, बाहेरून निळं जाड कापड, कडेला पांढरी पायपिंग. गिऱ्हाइकाच्या सोफ्यालाही मी एवढ्या निगुतीने पायपिंग केलेली नाही. कशासाठी शिवतोय ते मला माहीत होतं, मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. दोघंही कापडाच्या रंगावर बोललो.

तर मला काय हवंय ते सरळ सांगतो. त्या पोरीचा चेहरा बघायचा आहे. आवाज ऐकलाय, चेहरा बघितला नाही. आणि तुझ्या आईचा आवाज हवा आहे. घरात तो कुठेच राहिलेला नाही. कुकरची शिटी तेवढी होते, तीही मी कुकर लावला तर.

सिस्टर म्हणजे आपल्या तळमजल्यावरच्या. सरकारी दवाखान्यात नर्स आहेत, आईला शेवटी घरी येऊन इंजेक्शनं द्यायच्या. काल त्या म्हणाल्या, "काका, मुलगी घर सोडून गेली ती तारीख घालून बघितलीत का?" माझं डोकं फिरलं. म्हटलं, "त्या दिवसात लक्षात ठेवण्यासारखं काय आहे? माझ्या हाताखाली तयार झालेला कारागीर पळाला, एवढंच." त्यांनी चहाचा कप उचलून आत ठेवला आणि गेल्या.

आणि तारीख आठवायला हवी ना? दुकानाच्या डायऱ्या आहेत माळ्यावर, पण त्यांत मी कामाचं लिहितो. घरचं नाही.

तुझ्या डावऱ्याची कात्री दुकानात आहे अजून. डावखुऱ्याची कात्री, दुसऱ्या कुणाच्या हातात बसत नाही. गंज चढू नये म्हणून तेल देतो, बाकी काही नाही. त्याला सांगितलं नाहीस तरी चालेल.

फक्त आठ आकडे, टाचणी. बघ.

बाबा


४ ऑक्टोबर

टाचणी,

तेवीस दिवस. समजलं मला. शहाण्याला शब्दांचा मार म्हणतात, तू तर बिनशब्दांचा दिलास.

आज सकाळी कॉम्प्युटर खोळीत घालून दुरुस्तीवाल्याकडे नेला. म्हटलं, "पुसा." तो म्हणाला, "नक्की ना, काका? एकदा पुसलं की काही म्हणजे काही परत मिळणार नाही. घाई नसेल तर चार दिवस थांबा, मी ठेवून घेतो." मी म्हटलं, "तेवीस दिवस थांबलोय. आमच्याकडे कुणी कुणाला उत्तर देत नाही." त्याने एक कागद पुढे केला, त्यावर सही केली. आज हात जरासुद्धा थरथरला नाही.

संध्याकाळी घेऊन जा म्हणालाय.

आईने माझ्यासाठी जे ठेवलं होतं ते तुझ्यापायी गेलं. तू मुलगी म्हणवून घेऊ नकोस आणि मी बाप म्हणवून घेत नाही. परत लिहिणार नाही.

हे तुला मिळेल तेव्हा सगळं पुसून झालेलं असेल.


९ ऑक्टोबर

चि. सौ. टाचणी,

छापील अक्षर बघून दचकू नकोस, मीच आहे. त्याच कॉम्प्युटरवर लिहितोय. दुरुस्तीवाल्याने मराठी कसं उमटवायचं ते दाखवलं. एका बोटाने चाललंय, एवढं लिहायला चार दिवस लागले. पण बोट थरथरलं तरी अक्षर सरळ येतं, एवढा फायदा आहे.

मागचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. मिळालं नसेल तर देव पावला.

त्या दिवशी तुला पत्र टाकून आलो. संध्याकाळी कोरा झालेला कॉम्प्युटर बगलेत घेऊन घरी येत होतो, तर सिस्टर जिन्याशी भेटल्या. म्हणाल्या, "काका, तुमची टपालाची पेटी बघा हो. कागद बाहेर लोंबतायत. काकू गेल्यापासून उघडलेली दिसत नाही."

मी विचारलं, "कसली पेटी?"

टाचणी, मी या इमारतीत एकतीस वर्षं राहतोय. जिन्याखाली बारा पेट्या आहेत. त्यांतल्या एकीवर माझं नाव आहे, तुझ्या आईच्या अक्षरात. मी ती जन्मात उघडलेली नाही. टपाल टेबलावर असतं, एवढंच मला ठाऊक. ते टेबलावर येतं कसं हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला होती. मला वाटायचं, शिवणयंत्राच्या ड्रॉवरची आहे.

पेटीत विजेचं बिल होतं, चष्म्याच्या दुकानाची जाहिरात होती, आईच्या नावाने दवाखान्याचं पुढच्या तपासणीचं कार्ड होतं. आणि तुझं पाकीट. शिक्का पंधरा सप्टेंबरचा. म्हणजे माझं पत्र मिळालं त्याच दिवशी तू उत्तर टाकलंस. मी वर दार उघडं टाकून टपालवाल्याला शिव्या देत होतो आणि ते पंधरा-सोळा दिवस खाली, बरोबर माझ्या पायाखाली, पडून होतं. मी रोज त्याच्यासमोरून दुकानात जात होतो.

आत कागद. कागदावर आठ आकडे. ना 'बाबा', ना सही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल असं मीच लिहिलं होतं, तू तेवढंच केलंस.

एकोणीस, अकरा, आणि नऊ वर्षांपूर्वीचं साल. खरं सांगतो, मला कळेना हा कसला दिवस. जिन्यात उभा राहून विचार केला, वर येऊन विचार केला. मग दुकानात गेलो, माळ्यावरून त्या सालची डायरी काढली. १९ नोव्हेंबर. माझंच अक्षर, तेव्हाचं, सरळ. 'कारागीर आला नाही. तपकिरी रेक्झिन, तीन बैठकांचा, पोचवला. पाठीसाठी बारीक खिळे आणणे.'

बस्स. तू गेलीस त्या दिवसाचं माझ्याकडे एवढंच आहे.

तो सोफा मला आठवतो. डाव्या हाताला शिवण जरा ओढली गेली होती. तू दारात उभी होतीस तेव्हा तुझ्या अंगावर काय होतं ते आठवत नाही. मी म्हटलं होतं, "हा उंबरा ओलांडलास तर परत वळून बघायचं नाही." ते मात्र शब्द न् शब्द आठवतं, कारण मग नऊ वर्षं मी तेच धरून बसलो.

आईने मला सांगितलं होतं, तुम्हाला जमेल. तिला वाटलं, माझ्याही मनात तीच तारीख असणार. मी बोलत नाही, पण आत असणार. चाळीस वर्षं बरोबर राहून तिचा माझ्याबद्दल एवढा चांगला गैरसमज होता. तिने काही अवघड ठेवलंच नव्हतं गं. सिस्टरना पहिल्या फटक्यात सुचलं.

तसाच परत दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो दुकान बंद करत होता. आकड्यांचा कागद त्याच्यापुढे धरला. त्याने बघितला, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "काका, सकाळी आणला असतात तर..." सकाळीच तर गेलो होतो मी. म्हटलं, "एखादा फोटो तरी? एखादा?" तो म्हणाला, "काही नाही हो." मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. परक्या माणसासमोर मी रडलो. सांगायला लाज वाटते, पण रडलो.

दुकानात माझा एकच नियम: दोनदा माप, मग कात्री. डावऱ्याला तोच नियम मी पट्टीने मारून शिकवला. कापडाचा एक तुकडा मी आयुष्यात चुकीचा कापला नाही. घरात मात्र आधी कापतो आणि मग माप घेत बसतो.

आणखी एक. आई गेल्याचं तुला सिस्टरच्या फोनवरून तिसऱ्या दिवशी कळलं, ते सिस्टर विसरल्या म्हणून नव्हे. मी त्यांना थांबवून धरलं होतं. म्हटलं, आधी सगळं आटपू दे. तू समोर आलीस तर मी काय करीन याची मला भीती वाटत होती. ओरडीन की पाया पडेन, मलाच माहीत नव्हतं. आणि मग 'पोटची पोर, आली नाही' असं आल्यागेल्याला सांगत सुटलो. तुलाही वर 'असो' लिहिलं.

कॉम्प्युटर कोरा करून दिला तेव्हा नव्या पासवर्डची जागा त्याने मोकळी ठेवली होती. म्हणाला, घरी गेल्यावर तुमच्या मनाने घाला. मी तुझे आठ आकडे घातले. खूण काय ठेवायची असं यंत्राने विचारलं, तिथे आईचीच लिहिली. बैल गेला आणि झोपा केला. आता चटकन उघडतो, एकदाही रुसत नाही. रोज सकाळी आकडे घालतो, उघडतो. आत काही नाही, हे पत्र तेवढं आहे.

इथे एक ओळ लिहिली होती, पोरीचा एक फोटो पाठवशील का म्हणून. ती पुसली. कॉम्प्युटरवर पुसलेलं दिसत नाही, म्हणून सांगतो.

पेटीची किल्ली माझ्या खिशात असते.

तुझा,
बाबा


१९ नोव्हेंबर

चि. सौ. टाचणी,

हे हातानेच लिहितोय. वाचायला कुणी नाही, तेव्हा वाकडं आलं तरी चालेल.

नऊ तारखेचं पत्र परत आलं. पेटीतच मिळालं, मी दिवसातून दोनदा बघतो. पाकिटावर शिक्का, 'या पत्त्यावर राहत नाहीत.' चार तारखेचं मात्र परत आलेलं नाही. महिनाभर वाट बघितली त्याची. पहिल्यांदाच असं झालं की आपलं पत्र परत यावं म्हणून माणूस पेटी उघडतोय. नाही आलं. म्हणजे ते तुला मिळालं. ते वाचलंस आणि घर बदललंस.

सिस्टरनी त्यांच्याकडच्या नंबरवर फोन लावला. तो नंबर आता नाही. आईच्या वहीत दुसरा पत्ता नाही. असलाच तर तो त्या कॉम्प्युटरमध्ये होता.

काल दुरुस्तीवाला दुकानात आला होता, खुर्चीची बैठक बदलून घ्यायला. कॉम्प्युटर कसा चाललाय म्हणाला. मी म्हटलं, छान चाललाय. तो बिचारा खूश झाला.

गुरुवारी मी अजून पायरीवर बसतो. पेन्शनर आता काही विचारत नाहीत, बाजूने निघून जातात.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून डायरीत ठेवतो, त्या सालच्या. आज सकाळी ती काढली. १९ नोव्हेंबरच्या पानावर, 'कारागीर आला नाही' याच्या खाली थोडी जागा होती. तिथे लिहिलं, 'मुलगी गेली.'

शाई वेगळी दिसते.

बाबा